सव्वाआठची टोपली

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हनीनच्या पंधरा पानांवर तिच्या बाईंनी एकच रेघ ओढली. तिरपी, वरपासून खालपर्यंत, लाल. पोरगी ती पानं घेऊन ट्रामनं थेट माझ्याकडे आली, चार जिने चढली आणि रडायला बसली. तिचं घर ट्रामच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण तिथं रडण्याची सोय नाही. रडलं की मुख्तार लगेच म्हणतो, "मी सांगत होतो, औषधांचं शीक." मुख्तार म्हणजे माझा मुलगा, तिचा बाप. स्वतः शाळेत तीनदा नापास झाला, ते मी अजून त्याच्या पोरीला सांगितलेलं नाही. वेळ आली की सांगेन.

हनीन सिनेमा शिकते. शेवटचं वर्ष. प्रत्येकानं आठ मिनिटांची एक फिल्म करायची असते. हिनं ठरवलं थ्रिलर. मला वाचून दाखवलं. तळघर, तोंडाला फडकं बांधलेला माणूस, सुरा, सात मुडदे.

मी म्हटलं, "आठ मिनिटांत सात? आपला कसाई बकरी ईदला एवढ्या वेगानं काम करत नाही."

"आजी, थ्रिलर आहे तो."

"मग बाईंनी रेघ का मारली?"

"त्या म्हणाल्या, हे थ्रिलर नाही, हे खाटीकखाना आहे."

बाई हुशार दिसते.

आता एकच संधी उरली. तेरा नोव्हेंबरला नवं काहीतरी, थोडं चित्रण करून, दाखवायचं. तेही पडलं तर हिला स्वतःची फिल्म नाही. वर्षभर वर्गातल्या तामेरच्या फिल्मवर माइकची काठी धरून उभं राहायचं. तामेरच्या फिल्ममध्ये एक पोरगा समुद्राकडे बघतो. बस, बघतोच.

रडून झाल्यावर सहा फलाफल खाल्ले. म्हणजे अजून धुगधुगी आहे.

५ ऑक्टोबर

गुडघा. टोपली चार वेळा सोडली. बाकी काही नाही. साक्षरता वर्गाच्या बाईंनी रोज लिहायला सांगितलंय, म्हणून हे लिहिलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हनीन वही घेऊन आली. आता आधी समजून घेणार, मग लिहिणार म्हणे. पंधरा पानं लिहिण्याआधी हे सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण मी गप्प बसले. (खोटं. बोलले.)

तिच्या बाईंनी असं सांगितलंय: खून कोणी केला ते शेवटपर्यंत कळत नाही, ती रहस्यकथा. भूत अंगावर येतं, ते भुताचं. आणि थ्रिलरमध्ये आपल्याला माहीत असतं, पण त्या बिचाऱ्याला नसतं. चोर पलंगाखाली आहे हे बघणाऱ्याला ठाऊक. पलंगावर बसून पायमोजे काढणाऱ्याला नाही.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या नणंदेचं लग्न."

"कसं काय?"

सांगितलं. तिच्या होणाऱ्या नवऱ्याची पहिली बायको दमनहूर गावाला होती, दोन पोरं होती. सगळ्या गल्लीला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या नणंदेला. ती मधोमध बसून गुलाबाचं सरबत पीत होती आणि आम्ही चाळीस बाया दाराकडे बघत होतो. दार वाजलं की चाळीस पेले एकदम थांबायचे. पहिल्यांदा बर्फवाला आला. दुसऱ्यांदा तिचा मामा. तिसऱ्यांदा कोण आलं ते मी हनीनला मुद्दाम सांगितलं नाही. पोरगी पेरू तोंडात धरून तशीच बसली.

"आजी, पुढे?"

"हे बघ. हाच तुझा थ्रिलर."

ती रागावली. मग वहीत लिहून घेतलं. (तिसऱ्यांदा दमनहूरवालीच आली होती. पोरांसकट. नणंदेनं तिला सरबत दिलं.)

११ ऑक्टोबर

रात्री इथंच राहिली. सकाळी मी गॅलरीतून टोपली सोडली, तर ही मागे उभी. रोजचंच काम. दोरी सोडायची, खाली शेहाता वाण्याच्या दुकानासमोर टोपली टेकते, काय हवं ते ओरडायचं, तो भरतो, मी ओढते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं मी जिना उतरलेली नाही. आमचा सगळा करमूझ मोहल्ला या टोपलीतून माझ्याकडे येतो, कोथिंबिरीपासून भांडणांपर्यंत.

टोपली दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि हनीन ओरडली, "थांब! मध्येच थांबव."

"अंडी आहेत त्यात."

"आजी, आत काय आहे तुला दिसतंय का इथून?"

"नाही. अंडी असणार."

"पण खालच्याला दिसतं."

मग आम्ही दोघी तिथंच बसलो, दोरी रेलिंगला बांधून. एक म्हातारी. चौथा मजला. कधी खाली न उतरणारी. गल्लीतला एक अनोळखी माणूस तिच्या टोपलीत काहीतरी टाकतो. आपण बघतो. म्हातारीला माहीत नाही. ती ओढते आहे. हळूहळू ओढते आहे.

"काय टाकलं असेल?" हनीन म्हणाली. "साप?"

"साप मेला असता तोवर कंटाळून."

"चिठ्ठी? धमकीची?"

"चष्मा शोधण्यात अर्धा तास जाईल." मी विचार केला. मला कशाची भीती वाटेल? "किल्ली टाक," मी म्हटलं. "म्हातारी ती दाराला लावून बघते आणि ती तिच्याच दाराची निघते. माझ्या दाराच्या दोनच किल्ल्या आहेत, एक माझ्या गळ्यात आणि एक तुझ्या बापाकडे. तिसरी कोणाच्या हातात आहे असं कळलं तर मला सुरा दाखवायची गरज नाही. मी जागच्या जागी जाईन."

हनीन बराच वेळ दोरीकडे बघत होती. भूक लागली असेल. अंडी तळली.

१४ ऑक्टोबर

केस धुतले, उशीर झाला. टोपली सोडली तर शेहाता दुकानाबाहेर एका पायात चप्पल घालून उभा. म्हणतो, "हाज्जा, आठ बारा झाले!" मी म्हटलं, "मला काय आगगाडी गाठायचीय?" या माणसाला दुकानापेक्षा दुसऱ्याच्या घड्याळाची काळजी जास्त. पन्नाशी उलटली, पोट पुढे आलं, चौकस स्वभाव गेला नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज शूटिंग. हनीन आणि तिच्या वर्गातला बिशोय, कॅमेरा त्याच्याकडे. मुलगा गुणी आहे, जिन्यात बूट काढतो. अनोळखी माणसाचा हातही त्याचाच. म्हातारी मी. मला म्हणाली, "आजी, अभिनय नको करूस. फक्त टोपली मध्येच थांबव आणि घाबर."

सोपं वाटलं होतं.

पण आमच्या गल्लीत टोपली अशी अधांतरी थांबलेली कोणाला बघवत नाही. टोपली थांबली म्हणजे हाज्जाला काहीतरी हवंय. पहिल्यांदा थांबवली, तर दुसऱ्या मजल्यावरच्या आबलानं खिडकीतून हात काढून त्यात कांद्याची जुडी टाकली. दुसऱ्यांदा कोणीतरी विजेचं बिल टाकलं, तिसऱ्या मजल्यावर द्या म्हणून. तिसऱ्यांदा गुडघ्याचं मलम. चौथ्यांदा वाटी, माझीच, रमजानात गेलेली! हनीन खालून सगळ्यांना हात जोडत होती, "काकू, ही फिल्म आहे, काही टाकू नका." आबला म्हणाली, "फिल्म आहे तर कांदा राहू दे, खरं वाटेल."

अकरा वेळा केलं. किल्ली एकदाही एकटी वर आली नाही.

मग चहाची सुट्टी. हनीन वर आली, बिशोय खालीच दुकानासमोर कॅमेरा घेऊन बसला. टोपली तशीच राहिली, दुसऱ्या मजल्यावर, आत पाव. आम्ही आत पाय पसरून बसलो. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. जिन्यात धाडधाड आवाज. मग दाराशी धापा. मग कुलपात काहीतरी खुडबुडलं. मी उठून दार उघडलं, तर शेहाता. चार जिने पळत चढलेला, तोंड चुन्यासारखं पांढरं, एक हात पाठीमागे.

"टोपली लटकत होती, हाज्जा."

"मग?"

"पाव होता आत. ओढला नाही तुम्ही."

"चहा पीत होते. तुला सांगून प्यायचा का?"

"नाही, नाही," म्हणाला आणि तिथंच पायरीवर बसला. पाणी दिलं. हनीन त्याच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. मी त्याला सांगितलं की तुझ्या पायी पोरीचा दिवस वाया गेला. तो म्हणाला, "माफ करा," आणि हात पाठीमागे तसाच ठेवून उलटा जिना उतरला. असं कोण उतरतं?

थोड्या वेळानं बिशोय आला, डोळे एवढे मोठे. कॅमेरा चालूच राहिला होता म्हणे. दोघं कोपऱ्यात जाऊन कुजबुजले.

२५ ऑक्टोबर

हनीननं फिल्म बदलली. नवी पानं मला दाखवत नाही. मी म्हटलं, कल्पना माझी, टोपली माझी, गुडघा माझा. म्हणाली, "तेरा तारखेनंतर दाखवते."

आता मी ती नणंद झालेय की चाळीस बाया, कळत नाही.

१२ नोव्हेंबर

उद्या. हनीननं फोन केला. म्हणाली, "आजी, पडलं तर?" मी म्हटलं, "तर काठी धर. तामेरचा पोरगा समुद्राकडे बघेल, तू त्याच्या डोक्यावर पाड." हसली. पण मनापासून नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दहाला दाखवायचं होतं. अकरा वाजले, फोन नाही. बारा. मुलुखियाच्या भाजीची पानं निवडायला घेतली, देठ भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकली. एक वाजता जिन्यात पावलं वाजली, वरच्या मजल्यावर गेली. दीड वाजता दार वाजलं, विजेचा माणूस. मला त्या लग्नातला बर्फवाला आठवला. नणंद शांतपणे सरबत पीत होती याचं मला आज पहिल्यांदा आश्चर्य वाटलं.

दोन वाजता फोन. "पास, आजी. बाईंनी रेघ नाही मारली. बरोबरची खूण केली. एक नाही, दोन."

बाईंनी एकच प्रश्न विचारला म्हणे, "त्या दुकानदाराच्या तोंडावर एवढी खरी भीती कुठून आली?"

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. उद्या येते."

मुलुखिया फेकून दिली. शेहाताकडून अंडी मागवली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हनीन आली, लॅपटॉप घेऊन. पेरूंची पिशवी मांडीवर. म्हणाली, "बघ, पण मध्ये बोलू नकोस." दोन मिनिटांचंच आहे अजून.

गल्ली. टोपली अधांतरी. खाली शेहाता, वजन करतोय. वर बघतो. घड्याळ बघतो. पुन्हा वर बघतो. वजन तसंच सोडतो. दुकानात आत, साखरेच्या पोत्याच्या वर, भिंतीला खिळा आहे. खिळ्याला किल्ली. तो ती काढतो. पळतो.

मी बघणारी असते तर मलाही वाटलं असतं, मेली आता म्हातारी. याच्याकडे तिची किल्ली कशी?

पण त्या किल्लीला हिरवी लोकर बांधलेली होती. मुख्तारसाठी मी स्वेटर विणला होता, त्यातली. ती मी मैलावरून ओळखते.

हनीन एकामागून एक पेरू खात होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्या ऑपरेशनपासून. बाबांनी दिली. सव्वाआठपर्यंत टोपली खाली आली नाही, किंवा लटकत राहिली, तर त्यानं वर यायचं. तू एकटी राहणार म्हणून हटून बसलीस ना, तेव्हा असं ठरलं."

दोन वर्षं. मला वाटत होतं मी वरून गल्लीवर नजर ठेवते.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"आबलाला?"

"आबलाकडे शेहाताचा नंबर आहे. शुक्रवारी तो नमाजाला जातो तेव्हा ती बघते."

खूप काही बोलायचं होतं. मुख्तारच्या तीन नापासांबद्दल तर नक्की. पण डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, सरबताचा पेला हातात घेऊन मी मधोमध बसलेय आणि आजूबाजूला चाळीस बाया. हसू आलं. एवढं आलं की गुडघा दुखला. हनीन आधी घाबरली, मग तीही हसली.

"बाईंना सांग," मी म्हटलं, "थ्रिलर मला समजला."

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठ वाजता टोपली सोडली नाही. खिडकीच्या फटीतून बघत बसले. आठ दहाला शेहातानं वर पाहिलं. आठ बाराला चप्पल घातली. आठ चौदाला किल्ली काढली. तेव्हा टोपली सोडली, आत चिठ्ठी, माझ्या अक्षरात: लोकर विटली आहे. किल्ली वर पाठव. त्यानं वाचली, उभ्याउभ्या दोनदा वाचली, आणि किल्ली टोपलीत ठेवली. मी ओढली, नवी लाल लोकर बांधली, दुहेरी गाठ मारली आणि परत खाली सोडली.