हाक मारू नये

माय, मी सध्या लातूरच्या पलीकडे, तुरीच्या शेतांमध्ये बांधलेल्या एका घरात राहते आहे. घर म्हणजे लेखकांचं केंद्र. इथं महिनाभर राहायचं आणि लिहायचं, दुसरं काही करायचं नाही. तू असतीस तर पहिल्यांदा विचारलं असतंस, "आन् सैपाक कोन करतंय?" स्वयंपाक एक बाई करतात, खोली झाडायला दुसऱ्या येतात. पंचायत समितीत जन्म काढून रिटायर झालेल्या तुझ्या लेकीला इथं पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरावा लागत नाही. आम्ही पाच जण आहोत. मी तुझ्यावर पुस्तक लिहायला आले आहे. नऊ दिवस झाले, तुझं लग्न, आमचे बाबा गेल्यानंतर लोह्याहून नांदेडला येणं, वसतिगृहातली नोकरी, सगळं लिहून झालं. तुझ्या शेवटच्या रविवारापाशी येऊन मात्र गाडी अडली आहे. रोज चार ओळी लिहिते आणि खोडते.

आज सकाळी चहाच्या वेळी इथल्या व्यवस्थापक बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. पुढच्या वर्षी आणखी खोल्या बांधायच्या आहेत, तेव्हा लेखकांना अशा केंद्राकडून नेमकं काय हवं असतं ते ज्यानं त्यानं संध्याकाळपर्यंत लिहून द्यावं, असं त्यांनी सांगितलं. मग काय, बाकीच्या चौघांची तोंडं सुटली. उदगीरकडचे एक कवी आहेत, त्यांना मोबाइलची रेंज अजिबात नको आहे, तरी सगळ्यात आधी त्यांचाच फोन वाजतो. नांदेडच्या तरुण कादंबरीकाराला रेंज भरपूर हवी आणि बुधवारी मटण हवं. एकाला पाठ दुखणार नाही अशी खुर्ची हवी. दोन लहान लेकरं सासूपाशी सोडून आलेली एक बाई आहे, ती म्हणाली, मला आतून कडी लागणारं दार मिळालं, मला अजून काही नको. मी आपली चहा पीत ऐकत होते. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. लिहिताना कुणी हाक मारू नये. खोल्या एकमेकींपासून आणि स्वयंपाकघरापासून होतील तेवढ्या लांब बांधाव्यात. आताही तसा नियमच आहे. दाराच्या कडीला लाल पुठ्ठा लावला की कुणी दार वाजवत नाही, जेवणाचा डबा बाहेर स्टुलावर ठेवून निघून जातात.

हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. तुझी सगळी नोकरीच हाका मारण्यात गेली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या दारात तू उभी आहेस, हाताला पीठ, आणि एकेका पोरीला तिच्या गावावरून पुकारते आहेस. "ए भोकरवाले, भाकर गार होऊन राहिली! ए नायगाववाले, का गं, रुसलीस का काय?" नावं तुझ्या लक्षात राहायची नाहीत, गावं मात्र एकही चुकायचं नाही. मीही त्या पोरींमध्येच पंगतीला बसायची, म्हणून मलाही "ए लोह्याची" अशीच हाक. मला त्याचा राग यायचा. आपल्या आईनं आपल्याला निदान नावानं हाक मारावी, असं वाटायचं. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणालीस, "हितं तू माझी लेक न्हाईस, पंगतीतली पोरगी हायेस. भेदभाव केलेला पोरींना लगेच कळतो, बाई." सगळ्या पोरी बसल्याशिवाय तू घास घेत नव्हतीस. कुणी आलीच नाही तर तिचं ताट झाकून ठेवायचीस आणि पुन्हा जिन्यापाशी जाऊन हाक मारून यायचीस. आपण जेवायला नाही गेलो तर कुणाच्या तरी लक्षात येतं, हे त्या पोरींना तुझ्यामुळं ठाऊक होतं.

मग मला नोकरी लागली, नांदेडात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तूही नोकरीतून सुटलीस आणि माझ्याकडं राहायला आलीस. तेव्हा माझ्या दोन कथा छापून आल्या होत्या आणि मी डोक्यावर पडल्यासारखी वागत होते. आठवडाभर ऑफिस, लिहायला काय तो रविवार. दुपारी आतल्या खोलीचं दार लावून बसले की अर्ध्या तासात तुझी हाक. चहा टाकू का गं. शेजारीण लोणचं देऊन गेली, बघ तरी. मेथी निवडून राहिले, ये की जरा बोलत बसू. साठ पोरींना हाका मारायची सवय झालेला तुझा आवाज आता एकट्या माझ्यावर सुटला होता. एका रविवारी माझं टाळकं फिरलं. दार धाडकन उघडून मी ओरडले, "माय, मी लिहायला बसले की मला हाक मारायची न्हाई! घर पेटलं तरी न्हाई!" तू विळी बाजूला ठेवलीस. माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बरं बाई. न्हाई मारनार." रागावली नाहीस, रडलीही नाहीस. रेक्टर बाईंनी काही सांगितलं की तू जशी मान हलवायचीस तशी हलवलीस.

मला वाटलं, दोन रविवार पाळशील आणि विसरशील. मी तुला ओळखलंच नव्हतं. तू तो नियमच करून टाकलास. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून रविवारी डाळ पातेल्यात शिजवायला लागलीस. शेजारच्या बाया आल्या तर त्यांना ओट्यावरूनच परत लावायचीस, "हळू बोला, लेकरू लिहून राहिलंय." भाजीवाल्याला हातानं खूण करायचीस. लेकीला लिहिता येतं याचा तुला केवढा अभिमान होता, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की घर एकदम शांत झालं आहे, आणि मी खूश होते. वर्षभरात पहिल्या पुस्तकाइतक्या कथा झाल्या. लोक विचारायचे, नोकरी सांभाळून एवढं कसं जमतं? मी म्हणायचे, माझी आई फार समजूतदार आहे.

तो रविवार माघातला. बाहेर ऊन पडलेलं, तू स्वयंपाकघरात सूप घेऊन मेथी निवडत बसलेली. मी जेवून दार लावते. साडेचारला चहासाठी बाहेर येते. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आहेस, निम्मी मेथी सुपात, निम्मी खाली सांडलेली. मला वाटतं, डोळा लागला. हात लावते तर हात गार. डॉक्टर मला एकटीला म्हणाले, हार्ट अटॅक, छातीत बराच वेळ दुखत असणार, तास-दीड तास तरी. दवाखाना आपल्या क्वार्टरपासून चार गल्ल्या. दुसऱ्या दिवशी भोकरहून भाऊ आला. विहारातून आलेली माणसं अंगणात बसली होती. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तायडे, तू घरीच होतीस ना? मग मायनं हाक न्हाई मारली?" मी म्हणाले, "न्हाई रे. हाक न्हाई मारली." हे खरंच होतं. तो रडत म्हणाला, मग झोपेतच गेली असंल, तरास नसंल झाला. पुढं सगळ्यांनी तेच धरलं. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, अजूनही तो हेच सांगतो. मीही मान हलवते.

आज दुपारी तो कागद पुढ्यात घेऊन बसले, पण काही सुचेना. डबा बाहेर आला होता, तो तसाच राहिला. अडीच वाजले, तीन वाजले. मी जेवले नाही हे कुणाच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं, तसा नियमच आहे. नऊ दिवसांत मला इथं कुणी एक हाक मारलेली नाही, माय. सकाळच्या चहाला चार वाक्यं होतात, मग उरलेला दिवस मी आणि पंखा. शेवटी मीच उठले आणि स्वयंपाकघराकडं गेले. स्वयंपाकाच्या बाई निलंग्याकडच्या आहेत, तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून घाबरल्याच. "काय झालं मॅडम? डबा न्हाई मिळाला का?" म्हटलं, मिळाला, पण मी जरा इथं बसू का तुमच्यापाशी, तांदूळ निवडायला? त्या उठून उभ्या राहिल्या. "न्हाई हो मॅडम, तुम्ही जावा, लिवा. मॅनेजर बाईंनी बजावून सांगितलंय, लेखक लोकांना तरास द्यायचा न्हाई." त्यांचं काही चुकलं नाही. मी खोलीत परत आले आणि इतकी रडले की कागद दुसरा मागावा लागला.

त्या दुसऱ्या कागदावर मी लिहिलं की नव्या खोल्या स्वयंपाकघराला लागून बांधाव्यात आणि जेवायच्या वेळी प्रत्येक लेखकाला तोंडानं हाक मारावी, तो नाही आला तर पुन्हा मारावी. व्यवस्थापक बाईंनी वाचलं आणि हसून म्हणाल्या, "मॅडम, सगळ्यांचं उलटंच आहे की!" उदगीरचे कवी म्हणाले, ताईंना भूक फार लागलेली दिसते. मीही हसले. त्यांना काय सांगणार होते? सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते मी भावालाही सांगितलेलं नाही. पुस्तकातही येईल की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी तुला लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला मी कुणाला सांगणार नाही. हे पान वहीतून फाडून ट्रंकेत ठेवीन.

तू हाक मारली नाहीस हे खरं आहे. पण तू दारापाशी आली होतीस. दाराची फळी करकरली, तू तिच्यावर हात टेकला होतास. तुझा श्वास मला ऐकू येत होता, जोरात चालू होता. मी पेन थांबवलं नाही. माझं एक वाक्य अर्ध्यात होतं, आणि मी मनात म्हणत होते, जा गं बाई आता. मग तुझे पाय सावकाश घासत स्वयंपाकघराकडं गेले, आणि मला बरं वाटलं. ते वाक्य मी पुरं केलं. चांगलं उतरलं होतं, माय. पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, दरवेळी ते काढून टाकायचं ठरवते, आणि दरवेळी ठेवते.