चौदा तास पन्नास मिनिटं

३ मार्च, सकाळी ९
अंतर सांगणाऱ्या दोन वेबसाइट्सनी आज माझा घोर विश्वासघात केला. आमच्या विमानतळापासून दादाच्या विमानतळापर्यंत एक म्हणते १२,०१७ किलोमीटर, दुसरी १२,०१३. मधले चार किलोमीटर कोणी गिळले? तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला हे सोसवत नाही. दोघींनाही खरमरीत ईमेल धाडला. प्रवासाच्या वेळेबाबत मात्र एकमत: चौदा तास पन्नास मिनिटं.
वहिनीचा फोन आला होता. दादा हॉस्पिटलमध्ये. हृदयाचं काहीतरी. जमलं तर या भावजी, म्हणाली. न जमायला काय झालं? आज बसलो की उद्या तिथे. म्हणूनच घाई नाही.

५ मार्च
बायको म्हणाली, निघा. म्हटलं, पुरवणीचा लेख हातावेगळा करतो आणि निघतो. ती म्हणाली, लेख राहू दे, आधी अहंकार हातावेगळा करा. चहा गार होता, पण ही तक्रार ऐकायला ती थांबली नाही.
दादाशी चार वर्षं बोललो नाही हे खरं. त्याचा इथे काही संबंध नाही. आई गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. मी दारातच, चार माणसांदेखत, मोबाइलवर हीच वेबसाइट त्याच्यापुढे धरली. चौदा तास पन्नास मिनिटं लागतात, मनात असतं तर आला असतास, म्हटलं. मुद्दा बिनतोड होता. दादा बुटाची नाडी सोडत राहिला.

७ मार्च
संकल्प: उद्या तिकीट. शुभस्य शीघ्रम्.
(हाच संकल्प कालही होता. लिहायचा राहिला.)
वेबसाइट्सचं उत्तर नाही.

८ मार्च, दुपारी
तिकीट एजंटकडे गेलो. थेट विमानाचं तिकीट काढ, अशी ऐटीत ऑर्डर दिली. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, काका, हे कुठे वाचलंत? थेट विमान नाहीच. त्या वेबसाइट्स नकाशावर दोरी ताणतात आणि अंतराला वेगाने भागतात, बस. खरं म्हणजे दोनदा विमान बदलायचं, मध्ये एकदा अकरा तास ताटकळायचं. सगळे मिळून एक्केचाळीस तास. जागा परवाची.
चार वर्षांपूर्वी तरी थेट असेल, म्हटलं. कधीच नव्हतं, म्हणाला.
गणित कच्चं आहे माझं. तरी इतकं येतं. फोन ठेवल्याठेवल्या निघालेला माणूसही तिसऱ्या दिवशीच पोचतो.
दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिकीट काढलं.

११ मार्च, मधला विमानतळ
अकरा तासांतले सात सरले. कॉफी कडू. तक्रार कोणाकडे करावी कळेना.
वहिनीशी बोललो. मी येतोय हे परवा दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, मधे अकरा तास बसावं लागेल त्याला. शेवटच्या गेटपाशी, खांबामागे, हात नसलेल्या खुर्च्या आहेत, आडवं होता येतं. तिथे बस म्हणावं.
कालपासून त्याने डोळे उघडलेले नाहीत.
खुर्च्या सापडल्या. त्यांतल्याच एकीवर बसून लिहितो आहे. आईची बातमी घेऊन तो इथेच अकरा तास बसला असणार.
चार किलोमीटर गेले खड्ड्यात. माझं चुकलं, एवढं म्हणायचं आहे. ते ऐकायला दादा असेल ना, याची भीती वाटते.