काडी तपासणी

९ सप्टेंबर, मंगळवार

आज दहावीला प्रजननसंस्था शिकवली. सुनील सर स्टाफरूममध्ये म्हणत होते, तेवढा भाग घरी वाचून यायला सांगा मॅडम, आम्ही दरवर्षी तसंच करतो. मी ऐकलं नाही! फळ्यावर मोठी आकृती काढली — दोन अंडाशय, दोन अंडनलिका, मधे गर्भाशय. मुली वहीत तोंड खुपसून बसल्या. मागच्या बाकांवर खुसखुस चालू. चालू द्या म्हटलं. महिन्याला एक अंडं पिकतं, नलिकेत येतं, तिथे शुक्राणू भेटला तर गर्भ राहतो. नाही भेटला तर गर्भाशयाने तयार ठेवलेलं अस्तर गळून पडतं, तीच पाळी. पाहुण्यासाठी गादी घालून ठेवायची आणि पाहुणा आला नाही की उचलायची, असं सांगितल्यावर मुली हसल्या. मान वर करून बघायलाही लागल्या.

लग्न झाल्यापासून मी गादी घालतेय.

१३ सप्टेंबर, शनिवार

सृष्टीने हात वर केला. पहिल्या बाकावरची धीट पोर. "मॅडम, मूल होत नसेल तर दोष कोणाचा असतो?"

मला मूल नाही हे सायखेड्यात कोणाला माहीत नाही? पण ती माझ्यासाठी विचारत नव्हती. तिच्या वहिनीला माहेरी धाडायचं चाललंय म्हणे. मी सांगितलं, दोष म्हणायचं नाही, कारण म्हणायचं. ते बाईत असेल, पुरुषात असेल, दोघांतही असेल. म्हणून तपासणी दोघांची करायची. आवाज कसा खणखणीत निघाला. घरी हाच आवाज कुठे जातो कोण जाणे.

नाशिकच्या डॉक्टरीणबाई हिवाळ्यातच म्हणाल्या होत्या, तुमचं सगळं व्यवस्थित आहे, आता मिस्टरांना घेऊन या. योगेश म्हणाला, बघू. मग द्राक्षांची काढणी आली, मग छाटणी, मग फवारण्या. बघू ते बघूच.

१९ सप्टेंबर

दिवस वर गेलेत. कोणाला सांगितलं नाही. इथेही लिहायला नको, दृष्ट लागेल — आणि म्हणे मी विज्ञानाची बाई!

२२ सप्टेंबर, घटस्थापना

पहाटे पाळी आली.

आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, बाजूला बस, घटाला शिवू नको. त्या घट बसवत होत्या आणि मी दारातून बघत होते. परडीत काळी माती, त्यात गहू, वरून पाणी. दसऱ्यापर्यंत वीतभर उगवेल. इतकं सोपं असतं ते? न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. मला मूल हवंय. रात्री कुशीत झोपणारं, माझ्या पदराला नाक पुसणारं. बस, एवढंच हवंय.

आई वाईट नाहीत. दुपारी न मागता ओव्याचं पाणी करून दिलं. देताना योगेशला म्हणाल्या, "दिवाळी झाली की त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करून घ्या दोघं. लय जणांना गुण आलाय."

तो लगेच हो म्हणाला. त्र्यंबकला लगेच, नाशिकला बघू!

२४ सप्टेंबर

संध्याकाळी योगेश पडवीत द्राक्षवेलीच्या काड्या बांधत बसला होता. छाटणीआधी प्रत्येक प्लॉटमधल्या थोड्या काड्या लॅबमध्ये द्यायच्या. तिथे काडीचा एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड आहे की नाही ते आधीच कळतं. कुठल्या प्लॉटची काडी कुठली, चिठ्ठ्या लावून किती जपून जुड्या बांधत होता! म्हणाला, मागल्या साली विहिरीकडच्या काड्या वांझ निघाल्या, औंदा आधीच तपासून घेऊ. म्हणाला आणि बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला. तो शब्द तोंडातून गेला होता.

माझ्याही तोंडातून गेलं. "घड नाही आला तर वेलीला त्र्यंबकला नेतोस का रे?"

त्याने पुढची जुडी उचलली. इतकं बोलायला नको होतं की आधीच बोलायला हवं होतं, कळत नाही.

२५ सप्टेंबर

योगेश बोलत नाही. जेवला नीट. घटात कोंब दिसायला लागलेत.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी काड्या घेऊन नाशिकला गेला. मी येऊ का, विचारलं. नको म्हणाला. दुपार टळल्यावर आला. पाण्याची बाटली काढायला गाडीशी गेले तर जुड्या मागच्या सीटवर तशाच, ओल्या गोणपाटात. म्हटलं, लॅब बंद होती का?

आई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यादेखतच, चप्पल काढता काढता म्हणाला, "काड्या सोमवारी देऊ. आज माझी तपासणी देऊन आलो."