उपड्या कपांबाबत अखेरची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा कचेऱ्यांमधल्या बसायच्या जागा आखणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या भावाने तो दिला नसता, पण त्याला कोणी विचारलेले नाही.

१. राहते घर, वरच्या मजल्यावरची कामाची खोली सोडून, मुलीला. बँकेतील शिल्लक मुलगी व भाचा यांना निम्मी निम्मी. यावरून ते भांडणार नाहीत, त्यांना भांडायला दुसरा विषय आहे.

२. धाकट्या भावाला माझी जुनी फिरती खुर्ची. सगळे एकमेकांना दिसले की काम आपोआप होते, असे म्हणत त्याने जन्मभर आडोसा नसलेले हॉल आखले. तशा एका हॉलच्या मध्यभागी त्याने या खुर्चीत दिवसभर बसून एक पत्र तरी धड लिहून दाखवावे.

३. माझी हत्यारे सुतारमामांना. बसलेल्या माणसाला एकांत मिळावा आणि तो उभा राहिला की सगळे दिसावेत, एवढाच आडोसा मी त्यांच्याकडून करवून घेतला. ते दर वेळी वीतभर वाढवायला बघत, मी दर वेळी कापायला लावी. फार चांगला माणूस.

४. आता मुख्य गोष्ट. वरच्या मजल्यावरची कामाची खोली मुलगी व भाचा यांना सामाईक, वाटणी न करता. तिथे मधोमध छतापर्यंत भिंत घालायचे दोघांच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. ती घातल्यास खोली दोघांकडूनही जाईल व सुतारमामांना मिळेल.

भांडणाचे मूळ असे. या खोलीत आम्ही तिघे आपापल्या टेबलांशी काम करतो; टेबलावर कप उपडा असला की त्या माणसाशी बोलायचे नाही, तो कामात बुडालेला आहे. सुलटा असला की खुशाल या. भाच्याला स्वतंत्रपणे पहिले काम मिळाले, तेव्हा तो धावत ताईला सांगायला आला. तिचा कप उपडा होता. तो तसाच मागे फिरला आणि त्याने आपलाही उपडा केला. मुलीने कप नुकताच विसळून निथळायला ठेवला होता, बाकी काही नव्हते. त्यानंतर कोणी कप सुलटा केलेला नाही. दोघेही चहा माझ्या कपातून पितात.

मी दोघांना समजावले. मुलगी म्हणाली, "आई, त्याला यायचं असतं तर तो आलाच असता." भाचा म्हणाला, "आत्या, मी आलो होतो." तोंडी सांगून भागले नाही, म्हणून सरकारी कागदावर सांगते: तो कप ओला होता. दोघेही माझा जीव की प्राण आहेत आणि दोघेही अडेलतट्टू आहेत.

५. माझे टेबल आहे तिथेच राहील. त्यावर माझा कप कायम सुलटा ठेवावा. माझी आठवण आली की ज्याने त्याने तिथे येऊन उभे राहावे. तिथून दोघांमधल्या आडोशापलीकडे दुसऱ्याचा चेहरा दिसतो. टेबल मी त्याचसाठी तिथे मांडले आहे.

हे वाचून, समजून घेऊन सही केली.

साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही), तळमजल्यावरचे शिंपी (सही). सुतारमामांना साक्षीदार व्हायचे होते, पण त्यांना काही मिळणार असल्याने वकिलांनी नको म्हटले.

ठिकाण: कामाची खोली, माझे टेबल.
दिनांक: ११ मार्च. दोघेही समोर बसले आहेत, कप अजून उपडेच.