मुकी गोळी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी इथे लेकीकडे मजेत आहे. भूक लागते, बोटंही वळतात. अक्षरावरून कळलंच असेल. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून माझी सांधेदुखीवरची स्टेरॉइडची गोळी बदलली. "यकृत जरा थकलंय, आजोबा," एवढंच म्हणाले. काळजीचं काही नाही.

लेकीने कागदावर दोन्ही गोळ्यांची रचना काढून दाखवली. अगदी जुळ्या बहिणी! फरक इतकाच, की नव्या गोळीत एका ऑक्सिजनला हायड्रोजनची जोड आधीच दिलेली असते. जुन्या गोळीत ती यकृताला द्यावी लागते, तेव्हा कुठे गोळी कामाला लागते. मला आपले कवितेचे मास्तर आठवले. ते चालीवर म्हणून दाखवीपर्यंत कविता पुस्तकात मुकीच असायची. ते आजारी पडले, तेव्हा वर्ग महिनाभर नुसती घोकंपट्टी करत होता, आठवतं?

तू अजून तीच जुनी गोळी घेतेस. आणि माझ्याकडे पंधरा दिवस राहून उरकलेली तुझी कावीळ तुझ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. डोळे पिवळेजर्द, वर मलाच दम, "दादा, घरी बोललास तर बघ!" मी गप्प बसलो.

आता डॉक्टरांना सांग, रक्त तपासून घे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस.

तू सांगशील याचा भरवसा नाही, म्हणून आज सकाळीच तुझ्या सुनेला फोन करून सगळं सांगितलं. आता खुशाल अबोला धर. तो धरायला तू मात्र हवीस.

तुझा चहाडखोर,
दादा