डोळे मिटायचा खेळ

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझी छकुली तुझ्याच घरी, तुझ्याच वर्गात, म्हणून मी परगावी निर्धास्त बोर्ड रंगवत होतो. परवा भेटीला आलो तर फळा कोरा, पुस्तकं मिटलेली आणि सगळी पोरं डोळे मिटून टाळ्या पिटतायत! ब्रश हातात देऊन मी तिला सगळी अक्षरं शिकवली. आणि तू म्हणतेस, तिचीच वाचायची तयारी नाही. यात काहीतरी पाणी मुरतंय. तुला शिकवायचा कंटाळा आलाय की माझ्या लेकीत खोट काढायचीय? नीट उत्तर आलं नाही तर महिनाअखेर तिला घेऊन जाईन.

लोभ आहे, तूर्तास.
तुझा,
पेंटर

१० जुलै

चि. पेंटरसाहेबांस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, अक्षर बघून त्याचा आवाज सांगणं वेगळं आणि बोललेल्या शब्दातले आवाज नुसत्या कानाने सुटे करणं वेगळं. पहिलं तू छान शिकवलंस. दुसऱ्यासाठी डोळे मिटायचे आणि आवाजागणिक टाळी द्यायची. 'चमचा' कशाने सुरू होतो विचारलं की बाकीची मुलं ओरडतात, ही गुपचूप एक डोळा उघडते. मी तिला लबाड म्हणायचे. पण आता मला वेगळाच संशय येतोय. ती थेट माझ्या ओठांकडे बघते. काल तोंडासमोर वही धरून हाक मारली, तर ही आपली चित्र रंगवत बसली. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे नेते. तोवर भांडण राखून ठेव.

लोभ असू दे.
तुझी,
ताई

१५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आज बोर्ड घेतला नाही. तिला अक्षर सांगताना मी कायम समोर बसायचो, तोंड तिच्याकडे करून. मागून कधी बोललोच नाही गं. लवकर कळव.

तुझा,
पेंटर

२ ऑगस्ट

चि. पेंटरास,
अ. उ. आ.

पाणी मुरतंय हे तुझं खरं निघालं, पण ते तिच्या कानाच्या पडद्यामागे होतं. डॉक्टरांनी काढलं. आता ऐकू येतंय. डोळे घट्ट मिटून 'चमचा'तला 'च' पहिल्या फटक्यात सांगितला आणि मला रडू आवरेना.

मात्र घरात तपास सुरू झालाय. पंखा, नळ, माझ्या चपला, एकेकापाशी थांबून विचारते की हे आधीही वाजायचं का. मी हो म्हटलं की अशी रोखून बघते, जणू आपण दोघांनी संगनमताने हे सगळं तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

माझी झडती झाली. आता तुझी पाळी. ये ब्रश घेऊन, तोही आधी वाजायचा का ते तिला विचारू दे.

लोभ आहेच.
तुझी,
ताई