एक राहू द्या

सोमवार, ४

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि छोट्याने बळेच दिलेला बिस्किटांचा पुडा, एवढं सामान. छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. ट्रक चालवतो, सहा फूट उंच आहे, पण घरात नाव पडलं ते पडलं.

जागा छानच आहे. धरणाच्या वर जलशुद्धीकरण ठाणं, मागे तीन क्वार्टर्स. खाली शहर दिसतं, ऐकू मात्र येत नाही. शहरात जे पाणी पितात ते आधी माझ्या परीक्षानळीत येणार. म्हणजे मी नापास करेपर्यंत सगळे पास.

ठाण्यावर माणसं तीन. मी प्रयोगशाळेत, मिस्त्री पंपांवर, ड्रायव्हर जीपवर. जीप वर येताना ड्रायव्हर घाटातल्या पाचही वळणांवर हॉर्न वाजवतो. समोरून कोण येतंय ते दिसतच नाही, म्हणून तसा नियमच आहे. हॉर्न वरपर्यंत स्पष्ट ऐकू येतात. तिसऱ्याला मिस्त्री चहा टाकतात, पाचव्याला कप भरतात. मला हे फार आवडलं.

निवृत्त होणाऱ्या मॅडमनी दोन तासांत सगळा चार्ज दिला. किल्ल्या, रजिस्टरं, तुरटीचा साठा आणि ठाण्याचा मोबाइल. बाई कमी बोलतात. निघताना मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाल्या, एक राहू द्या. मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते कळलं नाही.

मंगळवार, ५

मोबाइलची गंमत कळली. इथे रेंज नाही, नावालाही नाही. म्हणून दर सोमवारी ड्रायव्हर मोबाइल खाली शहरात नेतो, बाजारहाट होईपर्यंत खिशात ठेवतो. त्यात बातम्यांचं एक अ‍ॅप आहे. वीसेक ठिकाणच्या बातम्या ते एकदम ओढून घेतं आणि साठवून ठेवतं. मग आठवडाभर नेटशिवाय वाचा. याला इथे ‘फोन भरून आणणे’ म्हणतात, हंडा भरून आणावा तसं. कोणाचे निरोप आले असतील तर तेही तेव्हाच येतात. आधी मिस्त्री सामन्यांच्या बातम्या वाचतात, मग ड्रायव्हर, मग मी. वाचलेली बातमी यादीतून निघून जाते, वरचा न वाचलेल्यांचा आकडा एकाने कमी होतो.

मी मात्र आधी अपघात वाचते. छोट्या ट्रकवर लागल्यापासूनची सवय. त्याच्या गाडीचा नंबर नाही ना, एवढं पाहायचं आणि मग बाकीचं जग. आई गेली तेव्हापासून मला तसं काही वाटेनासं झालंय. रडू नाही, हसूही तोंडदेखलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवापालट करा. पण ही एक भीती तेवढी शिल्लक आहे. ती आहे म्हणजे मी अजून आहे, असं मी धरून चालते.

बुधवार, ६

सगळं वाचून झालं तरी आकडा एकवर अडकलाय. मला हे सहन होत नाही. मी एक नळी न धुता झोपत नाही, तर हे काय. शोधलं. यादीच्या तळाशी एक नाव नसलेला कप्पा, त्यात एकच बातमी: ‘जलशुद्धीकरण ठाण्यावर अपघात’. तारखेची जागा कोरी. मोबाइल उलटा केला तर पाठीवर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: एक राहू द्या.

मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, मॅडम सहा वर्षं ती बातमी तशीच ठेवून होत्या, हात लावू द्यायच्या नाहीत. म्हाताऱ्या माणसांची एकेक खोड.

मी वाचली. चारच ओळी. फिल्टरघराचा जिना उतरताना पाय घसरून मिस्त्री जखमी, उजवा पाय मोडला. उघडल्यावर तारीख उमटली, ती शुक्रवारची. आज बुधवार. सहा वर्षांपूर्वीचा कुठला तरी शुक्रवार असेल, त्यांचा पाय तेव्हा मोडला असेल. विचारायचं राहिलं.

आकडा शून्य. बरं वाटलं.

शुक्रवार, ८

मिस्त्री पडले. फिल्टरघराचा जिना, उजवा पाय. ड्रायव्हरने आणि मी उचलून जीपमध्ये घातलं. संध्याकाळी प्लास्टर घालून परत आले, तेच आम्हाला हसवत होते. याआधी पाय कधी मोडला होता का, विचारलं. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा.

पंप आता माझ्याकडे. दर दोन तासांनी रीडिंग, क्लोरीनचा डोस, तुरटी. ठाणं सोडून हलता यायचं नाही. कामात बरं असतं.

सोमवार, ११

फोन अर्धाच भरून आला, मध्येच अडकला. जुन्या बातम्या साठून राहिल्या की जागा उरत नाही. मी ड्रायव्हरला दाखवून दिलं: खाली गेल्यावर आधी ‘सगळे वाचलेले’ हे बटण दाबायचं, आकडा शून्य करायचा, मगच भरायचं. त्याला समजावं म्हणून जाड पेनाने कागदावर लिहून जीपच्या काचेखाली चिकटवलं. आधी शून्य, मग भरा. तो खूश झाला. म्हणाला, मॅडम काही सांगायच्याच नाहीत, तुम्ही शिकवता.

बिननावाच्या कप्प्यात एक नवीन आहे. ‘निवृत्त रसायनतज्ज्ञ महिलेचे निधन’.

उघडावी की नाही, याचा विचार केला असं लिहायला हवं. नाही केला. बोट गेलं. जुन्या मॅडमचं नाव, त्यांच्या राहत्या घरी, खुर्चीत. तारीख उद्याची.

मंगळवार, १२

गढूळपणा ठीक. क्लोरीन ठीक. पंप दोन थोडा गरम.

खाली कळवायला हवं होतं का? काय कळवणार होते? तुम्ही उद्या जाणार आहात, सांभाळून राहा?

सोमवार, १८

ड्रायव्हरने खालून बातमी आणली. मॅडम गेल्या. मंगळवारी. खुर्चीत.

मी बरं म्हटलं आणि नमुने लावायला गेले. नंतर मिस्त्रींच्या खाटेपाशी बसले आणि सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग त्यांनी सांगितलं, मॅडमच्या यजमानांबद्दल. ते विहिरीत सापडले होते, सहा वर्षांपूर्वी. त्याच्या दोन दिवस आधी मॅडम प्रयोगशाळेत मोबाइल हातात धरून उभ्या होत्या आणि कितीही हाका मारल्या तरी हलत नव्हत्या. त्यानंतरच ती चिठ्ठी. एवढं बोलून मिस्त्रींनी कूस बदलली. म्हणाले, योगायोग असेल हो, कशाला डोक्यात घेता.

सरळ आहे. वाचलं की होतं. नाही वाचलं तर तिथेच पडून राहतं, सहा-सहा वर्षं. आणि ते पडून असेपर्यंत पुढचं येत नाही. बाईंनी मला तीन शब्दांत सांगितलं होतं.

आज कप्पा रिकामा आहे. यापुढे जे येईल ते राहू देणार.

सोमवार, २५

आलं.

‘तुरटीचा ट्रक घाटात कोसळला’. तारीख कोरी.

त्याच्या खालीच छोट्याचा निरोप. ताई, मोठी वशिलेबाजी करून तुझ्या ठाण्याची फेरी मिळवलीय. बुधवारी दुपारी तुरटी घेऊन वर येतो. चहा तयार ठेव. पाचही वळणांवर हॉर्न देईन, दोन छोटे एक मोठा.

लहानपणी शाळेतून आला की दाराची कडी तशीच वाजवायचा. दोन छोटे, एक मोठा. म्हणजे, ताई, दार उघड.

मी मोठ्याने त्याला हाक मारली. किती दिवसांनी.

उघडली तर कळेल कोणतं वळण, किती वाजता. पण उघडली तर होईल. नाही उघडली तर होणार नाही. मिस्त्रींचं झालं, मॅडमचं झालं, दोन्ही मी वाचलं होतं. ही वाचणार नाही. मोबाइल रसायनांच्या कपाटात ठेवला, पार मागे, बाटल्यांच्या आड. शिवाय उद्या सकाळी ड्रायव्हरला खाली पाठवते. छोट्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिलाय. स्वतःच्या फोनवरून लाव, सांग, ताईने येऊ नको म्हणून सांगितलंय, कारण विचारू नको. मीच गेले असते. पण पंपांवर दुसरं कोणी नाही. खाली सगळं शहर पाणी पितंय.

मंगळवार, २६, सकाळ

ड्रायव्हर गेला. मी तेव्हा टाकीवर होते, हॉर्न ऐकला.

आता बरं वाटतंय. खरंच वाटतंय. आई गेल्यावर पहिल्यांदा घास गोड लागला.

मंगळवार, दुपार

ड्रायव्हर आला. छोट्याचा फोन लागला नाही. दोनदा, तीनदा, बंद. म्हणून संदेश टाकून ठेवलाय म्हणाला.

मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. ठाण्याचा.

मी टाकीवर होते तेव्हा तो मोबाइल मागायला आला होता. खाली जातोच आहे तर भरून आणतो म्हणून. मिस्त्रींनी सांगितलं, बाई विसरलेल्या दिसतात, बघ कपाटात असेल, जुन्या मॅडम तिथेच ठेवायच्या. सामन्याचा निकाल हवा होता त्यांना. एवढंच.

ड्रायव्हर म्हणाला, “काळजी करू नका मॅडम, तुम्ही लिहून दिलंय तसंच केलं. आधी सगळे वाचलेले, आकडा शून्य, मग भरलं.”

मी शाबास म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

मंगळवार, संध्याकाळ

कप्पा रिकामा. बातमी नाही. ज्याअर्थी वाचलेली, त्याअर्थी गेली. कोणतं वळण ते आता कळणारही नाही.

कोणी वाचली नाही पण. डोळ्यांनी कोणीच नाही. बटण दाबणं म्हणजे वाचणं नव्हे. की —

मिस्त्री खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी रागावलेली नाही. चिठ्ठी माझी. अक्षर माझं.

छोट्याचा नवीन निरोप आहे, पहाटेचा. ड्रायव्हरच्या संदेशाच्या आधीचा. निघालो गं ताई.

बुधवार, २७

ड्रायव्हरला उजाडताच खाली पाठवलं. घाटाच्या तोंडाशी थांब, ट्रक दिसला की आडवा हो, म्हटलं. जीप पहिल्या उतारालाच बंद पडली. तो चालत गेलाय. बावीस किलोमीटर.

क्लोरीन ठीक.

११.३०

पंप दोन गरम. बंद केला. तीन चालू.

मिस्त्री कुबड्या घेऊन उठलेत. चहाचं आधण ठेवतायत. नको म्हटलं. ऐकत नाहीत. म्हणतात, पोरगा येईल तर चहा नको?

१२.१०

हॉर्न. दोन छोटे, एक मोठा.

पहिलं वळण.

छोट्याच. तोच. दुसरं कोणी तसं —

१२.१६

दुसरं.

ड्रायव्हर कुठे आहे. त्याने थांबवलं कसं नाही. कदाचित ट्रकमध्येच बसलाय, दोघं मिळून येतायत. तसंच असेल. तसंच —

तिसरं. मिस्त्रींनी चहा टाकला. वास येतोय. मला रडू येतंय, आई गं, आत्ता येतंय, आत्ताच का —

मी खिडकीशी आहे. लिहितेय म्हणजे हात हलतोय. चौथ्याला वेळ लागतो, चढ आहे. भरलेला ट्रक. वेळ लागणारच.

दोन छोटे —

मोठा अजून